गल्ल्यावरची वही आणि गूगल : छोट्या धंद्याची वेबसाईट गिऱ्हाइकाला सापडावी म्हणून

लाकडी घाणे पुन्हा गावोगावी दिसायला लागले आहेत. घाणा टाकणारा माणूस कर्ज काढतो, मशीन आणतो, परवाना काढतो आणि दहा-पंधरा हजार खर्चून एक वेबसाईटही करून घेतो. वर्षभराने तो विचारतो, "साईट आहे, पण तिच्यावरून एकही फोन आला नाही. असं का?"

छोट्या धंद्यांच्या वेबसाईटी बघणं हे माझं रोजचं काम आहे. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं. एक तर साईट गूगलला वाचताच येत नसते. नाहीतर गिऱ्हाईक जे शब्द टाईप करतं ते त्या साईटवर कुठेच नसतात. 'आपले सहर्ष स्वागत', 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद' अशी वाक्यं पहिल्या पानावर असतात, आणि तेल हवं असलेला माणूस फोनमध्ये ही वाक्यं टाकत नाही. तो टाकतो, 'घाण्याचं शेंगदाणा तेल भाव'.

एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणतात ते काम मुळात या दोन अडचणी दूर करण्याचं आहे. इथे मी घाण्याचंच उदाहरण घेऊन चाललो आहे. तुमचं होमस्टे असेल, शिकवणी असेल, पैठणीचं दुकान असेल, तर वस्तू बदला. पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १ : गूगलला तुमची साईट माहीत आहे का ते बघा

गूगलचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवरची पानं वाचत फिरत असतो. त्याला गूगलबॉट म्हणतात. वाचलेली पानं गूगल आपल्या सूचीत नोंदवून ठेवतं आणि कोणी काही शोधलं की त्या सूचीतून काढून दाखवतं. जे पान सूचीत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी निकालात येणार नाही.

तपासायचं कसं? गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साईट' हा शब्द लिहा, त्याला लागून कोलन द्या आणि मधे जागा न सोडता तुमच्या वेबसाईटचा पत्ता टाका. तुमची पानं दिसली तर ती सूचीत आहेत. एकही दिसलं नाही तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी कारण शोधा.

वर्डप्रेस या साईट बांधायच्या तयार साधनावर केलेल्या साईटींत एक कारण मला पुन्हा पुन्हा सापडतं. सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. तिथे सर्च इंजिनांनी ही साईट नोंदवू नये असं सांगणारी एक छोटी चौकट असते. साईट बांधत असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून करणारा तिथे टिक करून ठेवतो आणि काम संपल्यावर काढायला विसरतो. एका बेकरीची साईट अशी सात महिने बंद दारामागे होती. मालक दर महिन्याला पैसे भरत होते, केकचे नवे फोटो चढवत होते. टिक काढायला अर्धं मिनिट लागलं.

दुसरं कारण खास आपल्याकडचं आहे, ते म्हणजे फॉन्ट. जुन्या टायपिंगवाल्याकडून मजकूर घेतला तर तो बऱ्याचदा कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं होतात. गूगलला तीच दिसतात आणि मराठीतून शोधणाऱ्याशी तुमचं पान जुळत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे ज्यात आतही मराठी अक्षरंच असतात त्या पद्धतीत. पानावरचा एखादा शब्द निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहा. तिथेही मराठीच दिसला तर ठीक. चित्रविचित्र अक्षरं उमटली तर मजकूर बदलून घ्या. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नंतर एकदा नजरेखालून घाला.

तिसरं कारण म्हणजे चित्रातला मजकूर. दरपत्रक डिझाईन करून फोटो म्हणून चढवलेलं असतं, पत्ता बॅनरमध्ये असतो, फोन नंबर बोर्डाच्या फोटोत. चित्रातल्या अक्षरांवर गूगलने विसंबावं अशी अपेक्षा ठेवू नका. दर, पत्ता, पिनकोड, फोन हे सगळं साध्या अक्षरांत टाईप केलेलं असू द्या. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे, त्यासाठीही नंबर अक्षरांत हवा.

पायरी २ : किल्ल्या स्वतःकडे घ्या

ही पायरी एसईओची म्हणून कोणी सांगत नाही. मला मात्र ती पहिल्या पायरीइतकीच महत्त्वाची वाटते. वेबसाईटचा पत्ता, म्हणजे डोमेन, तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे का? साईट करणाऱ्या मुलाने तो स्वतःच्या खात्यातून घेतला असेल आणि उद्या तो मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, तर नूतनीकरणाची तारीख कोणाला कळणार? डोमेनची मुदत संपली की पाटीवर, बिलबुकावर, पिशवीवर छापलेला पत्ता दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो आणि इतक्या वर्षांत गूगलकडे जमलेली ओळखही जाते. माझ्या ओळखीच्या एका रोपवाटिकेवर ही वेळ आली. नव्या पत्त्यावर सगळं शून्यापासून उभं करावं लागलं. म्हणून आजच विचारा, आणि डोमेन, होस्टिंग (साईट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा), गूगलचं खातं हे तिन्ही स्वतःच्या नावावर करून घ्या.

मग त्याच गूगल खात्यातून सर्च कन्सोल उघडा. हे गूगलचंच साधन आहे आणि फुकट आहे. साईट तुमचीच आहे हे पटवायला ते एक ओळ देतं. ती साईटमध्ये किंवा डोमेनच्या सेटिंगमध्ये टाकायची असते. जमत नसेल तर साईट करणाऱ्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. तिथे साईटमॅपचा पत्ता दिला की सगळ्या पानांची यादी गूगलला एकत्र मिळते. नवं पान केलं की त्याचा पत्ता वरच्या चौकटीत टाकून ते नोंदवण्याची विनंतीही करता येते.

जोडल्या दिवसापासूनचे शोध सर्च कन्सोल जमवायला लागतं आणि १६ महिन्यांपर्यंतचे दाखवतं. म्हणून ते आज जोडा, बघायला सवडीने बसा.

पायरी ३ : गल्ल्यावर वही ठेवा

या पायरीला वेळ द्या. बाकीचं एखादा जाणकार करून देईल, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही.

एका घाण्यावर मी एकदा सकाळी नऊ ते साडेबारा नुसता वही घेऊन बसलो होतो. जो येईल त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. वहीत हे उतरलं :

"आज शेंगदाण्याचा काय भाव?"
"आमचीच करडई आणली तर गाळून द्याल का? किलोला काय घेता?"
"पंधरा किलोचा डबा की पंधरा लिटरचा?"
"तळाशी साका बसलाय, तेल खराब झालं का?"
"पेंड ठेवता की आमची आम्हाला देता?"
"खोबरेल आहे का, बाळाच्या मालिशला?"
"पुण्याला पाठवता का?"

त्या घाण्याच्या वेबसाईटवर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिथे घाण्याचा इतिहास होता आणि आयुर्वेदातले तेलाचे उल्लेख होते. माणसं काउंटरवर विचारतात तेच रात्री फोनमध्ये टाकतात, थोडं तुटक करून : 'करडई गाळून मिळेल सांगली', 'घाण्याच्या तेलात साका का येतो' (साका म्हणजे तळाशी बसणारा गाळ). तुम्हीही आठवडाभर वही ठेवा. दुकानात कामाला असलेल्या पोरालाही लिहायला सांगा. फोनवर येणारे प्रश्न वेगळे असतात, तेही लिहा.

वही भरली की प्रत्येक प्रश्न तीन तऱ्हांनी मांडा. आपलं गिऱ्हाईक तीन तऱ्हांनी शोधतं. एक देवनागरीत, बोलून किंवा टाईप करून. दुसरं इंग्रजी अक्षरांत मराठी, 'लाकडी घाणा तेल' हेच रोमन लिपीत. तिसरं थेट इंग्रजीत, 'वूड प्रेस्ड' किंवा 'कोल्ड प्रेस्ड ग्राउंडनट ऑइल'. यातला प्रत्येक शब्द गूगलच्या चौकटीत टाकून थांबा. खाली आपोआप सूचना येतात. निकालांच्या मधे 'लोक हेही विचारतात' अशा धाटणीचे प्रश्नही बऱ्याचदा दिसतात. या सगळ्या खऱ्या माणसांनी केलेल्या शोधांच्या खुणा आहेत. ज्या तुमच्या धंद्याला लागू पडतात त्या वहीत घ्या.

एक चूक टाळा. 'तेल' किंवा 'खाद्यतेल' अशा एका शब्दामागे लागू नका. तिथे मोठमोठ्या कंपन्या आहेत आणि शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय हेही कळत नाही. 'विश्रामबागेत करडई गाळून कुठे मिळते' असं शोधणारा माणूस मात्र पिशवी घेऊन निघायच्या बेतात असतो. असे शोध महिन्याला वीसच होत असले तरी ते वीस जण तुमचे आहेत.

पायरी ४ : एका विषयाला एक पान

एकाच पानावर सगळं कोंबलं की ते कुठल्याच शोधाला धड जुळत नाही. शेंगदाणा तेल, करडई तेल, खोबरेल, तेलबिया गाळून देणं, पेंड अशी वेगवेगळी पानं करा. सुरुवातीला पाच पुरेत.

प्रत्येक पानाला एक शीर्षक असतं. निकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते बहुतेक तेच. पुष्कळ साईटींवर तिथे नुसतं 'होम' असतं. त्याऐवजी लिहा : 'लाकडी घाण्याचं करडई तेल, विश्रामबाग, सांगली', आणि शेवटी दुकानाचं नाव. वस्तू आधी, गाव नंतर, नाव शेवटी. नवख्या गिऱ्हाइकाला तुमचं नाव अजून माहीत नसतं. शीर्षक फार लांबलं तर फोनवर कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द पुढे घ्या. शीर्षकाखाली दोन ओळींचं वर्णन दिसतं. ते लिहून ठेवा, पण गूगल दर वेळी तेच दाखवेल असं नाही. पानातलीच जुळणारी ओळ ते अनेकदा उचलतं. 'मेटा कीवर्ड' नावाच्या रकान्यात पन्नास शब्द भरून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. क्रम लावताना गूगल तो रकाना बघत नाही, आणि हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे.

आता पानात काय लिहायचं? वहीतल्या डब्याच्या प्रश्नाचंच पान करून बघू.

शीर्षक : '१५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा, फरक किती?' पहिल्याच परिच्छेदात उत्तर : 'शेंगदाणा तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. म्हणून १५ लिटरच्या डब्यात सुमारे पावणेचौदा किलो तेल असतं, आणि १५ किलोच्या डब्यात सव्वासोळा ते साडेसोळा लिटरच्या दरम्यान. दोन डब्यांत सुमारे सव्वा किलोचा फरक पडतो. भाव विचारताना किलोचा की लिटरचा ते आधी विचारा.' त्याखाली तुमच्याकडे डबा कसा मिळतो, आजचा दर काय, रिकामा डबा परत घेता का. सोबत काट्यावर ठेवलेल्या डब्याचा फोटो, वजनाचा आकडा दिसेल असा.

हे पान दुसऱ्या कुठल्या साईटवरून उतरवलेलं नाही. ते तुमच्या काट्यावरचं आहे. तुमच्या घाण्यावर किती शेंगदाण्यांतून किती तेल निघतं, एका घाण्याला किती वेळ लागतो, साका खाली बसायला किती दिवस ठेवता, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि वाचणाऱ्याला तेच हवं असतं. सगळ्यांकडे सारखाच असलेला मजकूर गूगलने वर आणावा असं त्यात काही नसतं. एआयकडून दहा पानं लिहून घेतली तरी हीच अडचण येते. भाषा गुळगुळीत असते, पण काट्यावरचा आकडा त्यात नसतो.

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. अमुक तेलाने मधुमेह जातो, तमुक तेलाने हृदयविकार बरा होतो, असं पानावर लिहू नका. अन्नाच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेचे २०१८ चे नियम आहेत. शिवाय कोणीतरी ते वाचून औषध बंद करू शकतो. त्या जागी तुमचा १४ आकडी परवाना क्रमांक लिहा.

मराठी आणि इंग्रजी मजकूर शक्यतो वेगळ्या पानांवर ठेवा. पान कोणत्या भाषेचं आहे हे गूगल त्यातल्या दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. रोमन लिपीतले मराठी शब्द इंग्रजी पानात ओघाने येऊ द्या. पानाचा पत्ता मात्र छोटा आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक त्यावर बोट ठेवायला बिचकतात.

पायरी ५ : नकाशावरची जागा

दुकान असलेल्या माणसाला वेबसाईटच्या आधी गिऱ्हाईक मिळवून देतं ते गूगल बिझनेस प्रोफाइल. 'जवळचा घाणा' असं शोधलं की नकाशासोबत जी दुकानं येतात, ती इथून येतात. नोंद फुकट आहे. पडताळणीसाठी हल्ली बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागतात : बाहेरचा रस्ता, पाटी, आतलं मशीन असा एका दमात काढलेला.

धंद्याचा मुख्य वर्ग, म्हणजे कॅटेगरी, नेमका निवडा. वेळा खऱ्या लिहा, आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीतले बदलही. बंद दुकानापुढे येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावात 'सर्वोत्तम लाकडी घाणा तेल सांगली' असं जोडणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि त्यावरून प्रोफाइल स्थगित होऊ शकतं. नाव, पत्ता, फोन हे वेबसाईटवर, फेसबुकवर, जस्टडायलवर सगळीकडे एकसारखे असू द्या.

नकाशातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल सांगतं : शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि तुमची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, म्हणून मिरजेतल्या माणसाला तुम्ही खाली दिसलात तर खट्टू होऊ नका. प्रसिद्धीत लोकांच्या अभिप्रायांचा वाटा आहे. ते मागायला लाजू नका. बिल देताना 'जमलं तर गूगलवर दोन ओळी लिहा' म्हणा, काउंटरवर क्यूआर कोड लावा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा पाव लिटर तेल देऊ नका, ते नियमाबाहेर आहे.

वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी उत्तर द्या. 'तेलात घाण होती' असं कोणी लिहिलं, तर लिहा : 'ताई, तळाशी बसला तो शेंगदाण्याचा साका आहे. आम्ही तेल रसायन घालून साफ करत नाही, चार दिवस ठेवून वरचं भरतो, तरी थोडा उतरतो. बाटली घेऊन या, बदलून देतो.' हे उत्तर त्या ताईंपेक्षा पुढच्या शंभर माणसांसाठी असतं.

पायरी ६ : फोनवर उघडून बघा

तुमचं गिऱ्हाईक फोनवरच आहे, आणि गूगलही साईटचं फोनवरचं रूप धरूनच तिची नोंद करतं. साईट वायफायवर तपासू नका. मोबाईल डेटावर, साध्या फोनवर, दुकानाबाहेर उभं राहून उघडा. साईट हळू उघडते त्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो असतात. ते दोनशे केबीच्या आत आणा. प्रत्येक फोटोला 'घाण्यातून निघणारं करडई तेल' असं साधं वर्णन जोडा. साईटच्या पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने (सुरक्षित जोडणीची खूण) होते ना, तेवढं पाहा. एवढं झालं की इथे जास्त रेंगाळू नका.

पायरी ७ : दुसऱ्यांच्या साईटवरून येणाऱ्या वाटा

दुसऱ्या साईटने तुमच्या पानाची लिंक दिली तर गूगल ती तुमच्या बाजूची साक्ष धरतं. म्हणूनच लिंका विकण्याचा धंदा उभा राहिला. 'दोन हजारांत पाचशे लिंका' असे फोन तुम्हालाही येतील. घेऊ नका. अशा लिंकांविरुद्ध गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला आणि तेव्हापासून त्या पकडणं चालूच आहे. खऱ्या वाटा तुमच्या ओळखीत असतात : ज्यांच्याकडून करडई घेता ती शेतकरी कंपनी, तुमचं तेल वापरणारा फरसाणवाला, व्यापारी संघटनेची यादी, तुमच्यावर बातमी छापलेला स्थानिक पेपर. त्यांना एक फोन करा.

'पहिला नंबर गॅरंटीने' म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलं आहे. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, हेही त्यांचंच सांगणं आहे.

पायरी ८ : महिन्यातून एक तास

रोज स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव शोधू नका. निकाल जागेप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतात. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमधला 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा. लोकांनी काय शोधलं, तुम्ही किती वेळा दिसलात, किती जणांनी बोट ठेवलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतात, या चार गोष्टी तिथे ओळीने मिळतात.

दोन प्रकारच्या ओळी शोधा. जिथे तुम्ही वरच्या क्रमांकावर पुष्कळदा दिसलात पण कोणी आत आलं नाही, तिथे शीर्षक बदला. आणि जिथे क्रमांक आठ ते पंधराच्या मधे आहे, ते पान भरीव करा : एक आकडा, एक फोटो, वहीतला एक प्रश्न वाढवा.

तिसरी ओळ कधीतरी अचानक सापडते. तुम्ही ज्यावर पानच लिहिलेलं नाही, तरी लोक ते शोधत तुमच्यापर्यंत येत असतात. वर सांगितलेल्या घाण्याच्या अहवालात पाचव्या महिन्यात 'गाईसाठी शेंगदाणा पेंड भाव' अशी ओळ आली. पेंड तोवर मागच्या खोलीत पोत्यात पडून असायची. त्या रविवारी आम्ही पोतं काट्यावर ठेवलं, वजनाचा फोटो काढला आणि पेंडीचं पान लिहायला बसलो.